आधी पुस्तक, मग सिनेमा: मुलांसोबत जादूच्या गोष्टी वाचायच्या कशा आणि बघायच्या कशा

आमच्याकडे याची सुरुवात चुकीपासून झाली. मुलगा सात वर्षांचा होता, पावसाळ्यातला रविवार, बाहेर जाता येत नव्हतं, म्हणून मी हॅरी पॉटरचा पहिला सिनेमा लावून दिला. त्याला जाम आवडला, मग मला वाटलं आता पुस्तकही धडाधड वाचेल, म्हणून दुसऱ्या दिवशी 'हॅरी पॉटर आणि परीस' हातात दिलं, तर चार पानं वाचून परत आणलं आणि म्हणाला, आई मला माहितीये ना पुढे काय होतं ते. ठीक आहे म्हटलं, चित्र तरी काढ. त्यानं काढलेला हॅरी हुबेहूब पोस्टरवरचा होता, तोच चष्मा, तेच केस, उभं राहायची पद्धतसुद्धा तीच. चित्र छान होतं पण त्यात त्याचं स्वतःचं काहीच नव्हतं, आणि ते मला फार लागलं. मी स्वतः लहानपणी दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर बसून चांदोबा वाचायचे, तेव्हा वेताळ कसा दिसतो हे मला कुणी येऊन दाखवलं नव्हतं, माझा वेताळ माझाच होता.

तेव्हापासून घरात एकच नियम आहे, पुस्तकावरून निघालेला सिनेमा असेल तर पुस्तक आधी. आता चार वर्षं झाली, घरातली तीन मुलं (माझी दोन आणि जाऊबाईंची एक) या पद्धतीनं बऱ्याच गोष्टी वाचून-बघून झाली आहेत, आणि बडोद्यातल्या दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं की नक्की करता काय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, कारण मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. आपण इथे बडोद्यात राहतो, मुलं शाळेत इंग्रजी बोलतात, खाली सोसायटीत गुजराती बोलतात, मराठी उरतं ते घरात, आणि घरातलं मराठी म्हणजे काय तर ऊठ, दात घास, जेवायला चल, होमवर्क केलास का. माझा मुलगा मराठीत 'मला बहु मजा पडली' म्हणायचा, त्याचं मला काही वाटत नाही, ते गोडच आहे, पण मला एकदा लक्षात आलं की त्याच्याकडे भीतीला 'भीती' हा एकच शब्द आहे. दचकणं, भेदरणं, गाळण उडणं, अंगावर काटा येणं, यातलं काही नाही. कुठून येणार, रोजच्या पोळी-भाजीत हे शब्द लागतच नाहीत. किर्र जंगल, दबकत चालणं, कुजबुज, बुरूज, खंदक, भुयार, लख्ख उजेड, मिट्ट काळोख, हे सगळे शब्द जादूच्या आणि साहसाच्या गोष्टींत लागतात आणि तिथेच शिकले जातात. म्हणून पुस्तक इंग्रजी असलं तरी मी रात्री ते मराठीत सांगते. मग सिनेमा इंग्रजीत बघा नाहीतर हिंदीत, मुलाच्या डोक्यात ती गोष्ट आधी मराठीत घडून गेलेली असते.

आता पद्धत. पहिल्याच दिवशी जाड पुस्तक काढू नका, मुलं पानं मोजतात. आधी ऐकायची सवय लागू दे, आठवडाभर छोट्या गोष्टी सांगा, आणि बडोद्यात असाल तर पहिली गोष्ट तयारच आहे. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणा नावाचं गाव, तिथला शेतकरी घरातला गोपाळ, अक्षरओळख नाही, गुरं राखणारा, बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंना गादीसाठी दत्तक मुलगा हवा होता म्हणून घराण्यातली तीन मुलं आणली. तुम्ही इथे कशाला आलात असं विचारलं तेव्हा बाकीच्यांनी काहीबाही सांगितलं आणि हा म्हणाला, राज्य करायला, असं सांगतात. १८७५ साली बारा वर्षांचा असताना तो सयाजीराव झाला. ही गोष्ट सांगून दुसऱ्या दिवशी रिक्षातून जाता जाता लक्ष्मी विलास पॅलेस दाखवा. आपल्या मुलांना वाटतं की साध्या घरातल्या पोराला एक दिवस कुणीतरी न्यायला येतं हे फक्त इंग्रजी पुस्तकात होतं, आणि इथे रोजच्या रस्त्यावर त्याचा पुरावा उभा आहे.

पुस्तकं कुठून आणायची, तर विकतच घ्यायला पाहिजेत असं नाही. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे, याच सयाजीरावांनी अमेरिकेतली वाचनालयं बघितली आणि १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावून कामाला लावलं. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळं मिळतं. मुलांना एकदा तरी न्या, आतल्या पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून, आणि खालून वरच्या माणसाची सावली सरकताना दिसते. माझी धाकटी म्हणाली इथे भूत राहत असणार, चांगलं भूत. अशा ठिकाणाहून आणलेलं पुस्तक घरी आलं की ते आधीच थोडं जादूचं झालेलं असतं, ऑनलाइन मागवलेल्या पार्सलला तो वास येत नाही.

पुस्तक निवडताना मी प्रकरणं किती ते बघते. प्रकरणं म्हणजे रात्री. नार्नियाचं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' (कपाटातून बर्फाच्या जादूच्या देशात जाणाऱ्या लूसीची आणि तिच्या भावंडांची गोष्ट) सतरा प्रकरणांचं आहे, आणि आपल्या गुजरात बोर्डाच्या शाळांना दिवाळीची सुट्टी एकवीस दिवस असते, म्हणजे रोज एक प्रकरण, मध्ये लक्ष्मीपूजन आणि भाऊबीजेच्या रात्री सोडल्या तरी सुट्टी संपायच्या आत पुस्तक होतं आणि शेवटच्या शनिवारी सिनेमा. रोआल्ड डालच्या चार्लीच्या चॉकलेट फॅक्टरीत तीस प्रकरणं आहेत पण इतकी छोटी की एका रात्रीत दोन होतात. पॉटरचं पहिलं पुस्तकही सतराच प्रकरणांचं, पण ती लांब आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ठेवा.

वाचायचं कसं, यावर मी सगळ्यात जास्त धडपडले आहे. सुरुवातीला मी इंग्रजी वाक्य वाचून लगेच त्याचं मराठी करत होते आणि ते इतकं अडखळत व्हायचं की मुलं पेंगायची. आता मी दुपारी ते प्रकरण स्वतः वाचून ठेवते, शब्द अडले तर बघून ठेवते, आणि रात्री पुस्तक मांडीवर उघडं ठेवून मनानं सांगते. पुस्तक समोर असलंच पाहिजे, नाहीतर मुलांना वाटतं आई बनवून सांगतेय. नावं बदलू नका, लूसीची लता करू नका, परक्या नावात एक ओढ असते. पण बोलणं अस्सल मराठी होऊ द्या, बीव्हर काका-काकू लूसीला 'बस गं, आधी गरम काहीतरी खा' असंच म्हणणार, आमच्याकडे तरी म्हणतात. आणि आवाज काढायला लाजू नका. जाऊबाईंचा चेटकिणीचा आवाज माझ्यापेक्षा दहापट चांगला आहे म्हणून चेटकीण आली की त्यांना स्वयंपाकघरातून हाक मारतो.

नार्निया आमच्याकडे सगळ्यात जमलं, म्हणून ते जरा खोलात सांगते. पहिल्या प्रकरणात लूसी कपाट उघडते तेव्हा त्यातून दोन डांबरगोळ्या खाली पडतात. इंग्रजीत वाचताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं, पण सांगताना 'डांबरगोळ्या' म्हटल्याबरोबर तिन्ही मुलांनी सासूबाईंच्या खोलीकडे बघितलं, कारण त्यांच्या सागवानी कपाटाला अगदी तोच वास आहे, पैठण्या, शालू, जुन्या शाली आणि डांबरगोळ्या. त्या रात्री मी पुढे सांगायच्या आधी आम्ही सगळे उठून आजीच्या कपाटापाशी गेलो, दिवा बंद केला, दार उघडलं, आणि एकेकानं आत हात घालून शाली चाचपल्या, मागची फळी लागेपर्यंत. धाकटीनं हात पटकन मागे घेतला. एवढंच केलं, दोन मिनिटं लागली असतील, पण नंतर सतरा प्रकरणं मला एकदाही 'ऐका रे' म्हणावं लागलं नाही. तुमच्या गोष्टीत अशी एखादी वस्तू घरात सापडतेच, ती शोधा, दुपारी वाचताना त्याच नजरेनं वाचा.

चौथ्या प्रकरणात चेटकीण एडमंडला टर्किश डिलाइट खायला देते आणि तो त्यापायी भावाबहिणींना दगा द्यायला तयार होतो. आता हे टर्किश डिलाइट आपल्या मुलांनी कधी पाहिलेलं नसतं. ते म्हणजे साखर आणि स्टार्च शिजवून केलेली मऊ वडी, बहुतेक वेळा गुलाबाच्या वासाची, पिठीसाखरेत घोळवलेली. आपला कराची हलवा पण स्टार्च आणि साखरेचाच ना, तसाच चिवट-लुसलुशीत, म्हणून तो आणला, तूप टिपून घेतलं, गुलाबपाण्याचा हबका मारला आणि पिठीसाखरेत घोळवून एकेक तुकडा दिला. मुलानं तोंडात टाकला आणि म्हणाला, एवढ्यासाठी कुणी बहिणीला फसवेल? प्रश्न बरोबर होता. मग सांगितलं की हे पुस्तक १९५० मध्ये आलं, महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती तरी इंग्लंडमध्ये गोड खाऊ रेशनवर मिळायचा, ते रेशन १९५३ मध्ये उठलं. म्हणजे ज्या मुलांनी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं त्यांना मनासारखा गोड खाऊ मिळतच नव्हता, त्यांना एडमंडचा मोह लगेच कळला असणार. मुलगा बराच वेळ गप्प होता, मग उरलेला तुकडा बहिणीला दिला.

एक फार महत्त्वाची सूचना, चौदावं आणि पंधरावं प्रकरण एकाच रात्री सांगा. चौदाव्यात नार्नियातल्या भल्या सिंहाला मारतात, पंधराव्यात तो परत जिवंत होतो. तिथे थांबून दिवा मालवला तर लहान मूल रात्रभर झोपणार नाही, आमच्या धाकटीच्या बाबतीत मी थांबणारच होते, जाऊबाईंनी डोळ्यांनी खुणावलं म्हणून पुढे सांगत राहिले. असं कुठलंही पुस्तक घ्याल तेव्हा 'कुठे थांबायचं नाही' ते पान आधी शोधून खूण करून ठेवा.

पुस्तक संपलं की लगेच सिनेमा लावू नका, मध्ये दोन दिवस जाऊ द्या आणि त्या दोन दिवसांत चित्रं काढून घ्या. माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात. कारण एकदा पडद्यावर चेहरा दिसला की डोक्यातला चेहरा पुसला जातो, मोठ्यांचाही जातो, तुम्ही आठवून बघा. म्हणून आधीच कागदावर उतरवून घ्यायचं, साधा कोरा कागद, रंगीत खडू, आणि विषय फक्त तीन: गोष्टीतली सगळ्यात आवडती व्यक्ती, सगळ्यात भीतीदायक जागा, आणि एक वस्तू. 'असं नसतं रे, पुस्तकात तर असं लिहिलंय' असं अजिबात म्हणायचं नाही. आमच्या धाकटीनं नार्नियाच्या बर्फातला दिव्याचा खांब काढला तो सुरसागरच्या कडेला असतो तसा, खाली पाणी आणि लांबवर शंकराची मूर्ती. मी काही बोलले नाही, मागे तारीख घालून फायलीत लावला. ती फाईल आता जाडजूड झाली आहे आणि घरातली माझी सगळ्यात आवडती वस्तू तीच आहे.

सिनेमाच्या दिवशी काय करायचं. आधी सर्टिफिकेट बघा, आता आपल्याकडे यूए (मोठ्यांच्या देखरेखीखाली बघायच्या) सर्टिफिकेटचे तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+, त्यामुळे पहिल्यापेक्षा बरंच कळतं. पण नुसतं त्यावर विसंबू नका, लहान मूल असेल तर आदल्या रात्री तुम्ही एकट्यानं पुढे-पुढे ढकलत का होईना बघून घ्या. भाषा मुलाला सहज कळेल ती. जेवणं आधी उरकून घ्या, सेव-उसळीच्या वाट्या हातात घेऊन कुणाचं लक्ष लागत नाही, हे अनुभवानं सांगते. मोबाईल दुसऱ्या खोलीत. मोठा सिनेमा असेल तर घरचं मध्यंतर ठेवा.

आणि चिंचोके! प्रत्येक मुलाला मूठभर चिंचोके आणि समोर एक स्टीलची वाटी. पुस्तकापेक्षा काही वेगळं दिसलं की एक चिंचोका वाटीत टाकायचा, तोंडानं बोलायचं नाही. आधी आमच्याकडे सिनेमाभर 'हे असं नव्हतंच', 'थांब ना, ऐकू दे' असं चालायचं आणि शेवटी रडारड व्हायची, चिंचोक्यांनी ते थांबलं. फक्त टण असा आवाज येतो, आणि कधीकधी तीन वाट्यांत एकदम टण टण टण, तेव्हा मुलं एकमेकांकडे बघून हसतात, ते बघण्यासारखं असतं.

नार्नियाचा २००५ चा सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला तिन्ही वाट्या वाजल्या, कारण सिनेमा लंडनवरच्या बाँबहल्ल्यापासून सुरू होतो आणि पुस्तकात ते अगदी जाता जाता सांगितलंय. पुढे भावंडं वितळत्या नदीवरून पलीकडे जातात तो प्रसंग पुस्तकात नाहीच, टण. शेवटची लढाई पुस्तकात थोडक्यात उरकते, सिनेमात लांबच लांब चालते. पण लूसी पहिल्यांदा बर्फात पाऊल टाकते तिथे मात्र एकही चिंचोका पडला नाही, तिघं श्वास रोखून बघत होती. लूसीचं काम करणाऱ्या मुलीला शूटिंगच्या आधी तो बर्फाचा सेट दाखवलाच नव्हता, डोळे बांधून आणलं होतं आणि पट्टी काढल्यावर तिचा चेहरा कॅमेऱ्यानं टिपला, हे नंतर सांगितल्यावर मुलगा म्हणाला म्हणजे ती पण आमच्यासारखीच कपाटात हात घालत होती.

दुसऱ्या दिवशी, त्याच रात्री नाही, वाट्या घेऊन बसायचं आणि एकेक चिंचोका उचलून तो कशाचा ते आठवायचं. इथे मुलांची परीक्षा घेऊ नका, 'पुस्तक चांगलं का सिनेमा' हा प्रश्न तर अजिबात नको, त्याचं उत्तर मुलं आपल्या तोंडाकडे बघून देतात. एकच प्रश्न विचारायचा: सिनेमावाल्यांनी हे का बदललं असेल? याची उत्तरं शोधताना मुलं इतका विचार करतात की तुम्ही थक्क व्हाल. तुमच्याकडे सांगायला थोडं साहित्य असावं म्हणून मला माहीत असलेली चार कारणं सांगते.

एक म्हणजे रंग. 'विझर्ड ऑफ ऑझ'च्या १९०० सालच्या पुस्तकात डोरोथीचे बूट चंदेरी आहेत, १९३९ च्या सिनेमात माणकासारखे लालभडक केले, कारण टेक्निकलर हे रंगीत सिनेमाचं तंत्र तेव्हा नवलाईचं होतं आणि पिवळ्या विटांच्या रस्त्यावर लाल उठून दिसणार. आज जगाला ते लाल बूटच माहीत आहेत. दुसरं, मनातलं बोलणं पडद्यावर दिसत नाही. 'कोरलाईन'च्या पुस्तकात कोरलाईन नावाची मुलगी एकटीच सगळं शोधते, तिच्या डोक्यात काय चाललंय ते आपण वाचतो, पण २००९ च्या सिनेमात तिच्याशी बोलायला एक शेजारचा मुलगा नव्यानं घातला, नाहीतर ती सारखी स्वतःशीच बडबडताना दाखवावी लागली असती. जाऊबाईंच्या मुलीनं हे कारण स्वतः शोधलं, बारा वर्षांची आहे, मला इतका अभिमान वाटला. (हा सिनेमा दहाच्या आतल्या मुलांना दाखवू नका, डोळ्यांच्या जागी बटणं शिवलेली आई फार घाबरवते.) तिसरं, खलनायक लागतो. किपलिंगच्या 'जंगल बुक'मध्ये 'का' नावाचा अजगर मोगलीचा मित्र आहे, माकडांच्या तावडीतून त्याला सोडवायला जातो, डिस्नेनं १९६७ मध्ये त्याला कपटी करून टाकलं आणि २०१६ च्या सिनेमात तर 'का' अजगरीण झाली आणि तीही मोगलीला गिळायलाच बघते. आमच्या मुलाला याचा फार राग आला, कारण तो अजगर त्याचा लाडका होता, आणि खरं सांगते, मलाही राग आहे. मोगलीचं जंगल म्हणजे आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातलं सिवनी, हे सांगायला विसरू नका, मुलांना ते माहीत नसतं.

चौथं कारण शेवट गोड करायचा असतो. डालच्या 'द विचेस'मध्ये मुलाचा उंदीर होतो आणि शेवटपर्यंत उंदीरच राहतो, आणि आजीजवळ आहे म्हणून खूश असतो, १९९० च्या सिनेमात त्याला परत माणूस केला. आमच्याकडे यावर दोन दिवस वाद चालला होता. सासूबाई उंदराच्या बाजूनं होत्या, म्हणाल्या आजीसोबत राहतोय ना, मग झालं की.

डालचंच 'द बीएफजी', म्हणजे मायाळू राक्षसाची गोष्ट, घेतलंत तर सिनेमाच्या आधी भाषेचा खेळ नक्की खेळा. त्यातला राक्षस शाळेत गेलेला नाही, शब्द मोडून-तोडून बोलतो, आणि एक घाणेरडी काकडीसारखी भाजी खाऊन राहतो. त्या शब्दांचं मराठी डिक्शनरीत मिळणार नाही, मुलांकडूनच करून घ्या. आमच्या काकडीचं नाव 'घाणकडी' पडलं आणि माणसांना तो 'माणूसशेंगा' (इंग्रजीत 'ह्यूमन बीन्स') म्हणतो असं ठरलं, आता घरात नावडती भाजी झाली की आज घाणकडी आहे का असं विचारतात. राक्षस स्वप्नं पकडून बाटल्यांत भरतो, तर आम्ही लोणच्याच्या रिकाम्या बरणीत चिठ्ठ्या टाकल्या, प्रत्येकानं आपलं एक स्वप्न लिहून, मराठीत. धाकटीला तेव्हा नीट लिहिता येत नव्हतं, तिनं चिठ्ठीवर फक्त 'पतंग' लिहिलं आणि त्यातला अनुस्वार विसरली. २०१६ चा स्पीलबर्गचा सिनेमा पुस्तकाला बराच धरून आहे, चिंचोके कमी पडतात, शेवटी राक्षसांचं काय करतात ते मात्र वेगळं आहे, बघा मुलांच्या लक्षात येतं का.

नुसतं इंग्रजीच करू नका एवढी माझी कळकळीची विनंती आहे. सत्यजित राय यांचा 'गुपी गाइन बाघा बाइन' १९६९ चा, त्यांच्या स्वतःच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोरांनी लिहिलेल्या गोष्टीवरून केलेला. बेसूर गाणारा गुपी, बेताल ढोल बडवणारा बाघा, भुतांचा राजा त्यांना वर देतो, टाळी दिली की हवं ते खायला-ल्यायला मिळेल, जोडे घालून टाळी दिली की हवं तिथे जाता येईल, आणि गायला लागले की ऐकणारे जागच्या जागी खिळतील. सिनेमा बंगाली, जवळजवळ सगळा ब्लॅक अँड व्हाइट, शेवटी रंगीत होतो, मला धाकधूक होती की मुलं उठून जातील. मी आधी तीन रात्री गोष्ट सांगून ठेवली होती आणि बघताना सबटायटल्स हळू आवाजात मराठीत सांगत गेले. भुतांचा नाच सुरू झाला तेव्हा मुलं उठली खरी, पण नाचायला. त्यानंतर महिनाभर जेवायला बसलं की एकमेकांना टाळी देऊन 'श्रीखंड!' ओरडणं चालू होतं. आणि आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच, त्यात जादू नाही पण साहस भरपूर आहे. २०१७ च्या सिनेमात बन्या, म्हणजे फास्टर फेणेच, मोठा झालेला दाखवलाय, म्हणून आधी पुस्तकातला शाळकरी बन्या भेटवा, नाहीतर तो मुलांना कधी कळणारच नाही.

पॉटरबद्दल सगळे विचारतात. माझ्या मते वर्षाला एक पुस्तक आणि त्याचा सिनेमा, याहून घाई नको. ती पुस्तकं मुलाबरोबर मोठी होत जातात, पहिली दोन नऊ-दहा वर्षांच्या मुलाला चालतात, पुढे ती गडद होतात आणि सिनेमेही. मी माझ्या मुलाबरोबर दोन वर्षं थांबून पहिल्या पुस्तकापासून परत सुरुवात केली, सिनेमा विसरायला तेवढा वेळ दिला, तरी चेहरे गेले नव्हते. पण पीव्ज नावाचं एक खोडकर भूत आहे जे सिनेमात कुठेच नाही. त्या भुताचं चित्र त्यानं स्वतःच्या मनानं काढलं, डोक्यावर पगडी, पायात मोजडी. तो कागद फायलीत पहिल्या पानावर आहे.

राहिली शेवटची पायरी. सिनेमा झाल्यावर चार-आठ दिवसांनी मुलानं ती सगळी गोष्ट अशा माणसाला सांगायची ज्यानं पुस्तकही वाचलं नाही आणि सिनेमाही बघितला नाही, आणि मराठीत सांगायची. आमच्याकडे हे काम माझ्या आईचं, ती नाशिकला असते, रविवारी सकाळी फोन स्पीकरवर ठेवतो. तुम्ही मध्ये बोलू नका, शब्द अडला तरी लगेच पुरवू नका, थोडं थांबा, तो शोधतो. फोनवरच्या माणसाला मात्र 'मग?' म्हणायला सांगून ठेवा. गेल्या दिवाळीनंतर धाकटीनं नार्निया सांगितलं. अर्धं पुस्तकातलं, अर्धं सिनेमातलं, आणि कपाट आमच्या आजीचं. लूसी दबकत दबकत आत गेली, मिट्ट काळोख होता, असं तिनं म्हटलं तेव्हा मी आणि जाऊबाईंनी एकमेकींकडे बघितलं. डांबरगोळ्या किती पडल्या गं, आईनं विचारलं. खूप, ती म्हणाली, आणि मग एका शालीच्या मागे बर्फ लागला.